इंजिनाची ताकद वाढवल्यावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची थ्रॉटल केबल कशी लावायची

नवा कार्ब्युरेटर बसवला, कॅमशाफ्ट बदलला, इनटेक मॅनिफोल्ड उंच झाला, गाडी झकास पळू लागली. मग थोड्याच दिवसांत वरच्या गिअरमध्ये गिअरबॉक्स घसरायला लागला, ऑइल काळं पडलं आणि करपल्याचा वास यायला लागला. अशा वेळी निदान ठरलेलं असतं: 'एवढी ताकद गिअरबॉक्सला झेपली नाही.' पुष्कळदा ते चुकीचं असतं. गिअरबॉक्सच्या आतले, गिअर पकडून धरणारे क्लच जळतात ते इंजिनाच्या ताकदीने नव्हे, तर त्या ताकदीच्या मानाने त्यांच्यावर दाब कमी पडल्याने. आणि बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सांत हा दाब किती असावा हे सांगणारी एकच गोष्ट असते, थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, लिव्हरला लावलेली ती बारीक केबल.

ती लावताना लोक पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात. कुठल्याही मोकळ्या भोकात अडकवतात, आयडलला, म्हणजे पेडल सोडलेलं असताना, हाताने ताणून बघतात, 'झोल नाही, झालं' म्हणतात आणि गिअर पडताना काय जाणवतं त्यावरून इकडेतिकडे ओढत बसतात. खालचा क्रम पाळलात तर यातलं काहीच करावं लागणार नाही.

## आधी हे ओळखा: तुमची केबल नेमकं काय करते

सगळ्याच केबलना सर्रास 'किकडाउन केबल' म्हणतात (किकडाउन म्हणजे पेडल जोरात दाबल्यावर गिअरबॉक्सने खालचा गिअर घेणं) आणि घोळ तिथेच सुरू होतो.

जनरल मोटर्सचे ७००आर४ आणि २००-४आर, फोर्डचा एओडी, टोयोटाचा ए४३डी या गिअरबॉक्सांमध्ये ही केबल थ्रॉटल व्हॉल्व्ह हलवते. गिअर कधी बदलायचा, किकडाउन कधी द्यायचा आणि लाइन प्रेशर, म्हणजे क्लच आणि बँड (आतल्या ड्रमला आवळणारे पट्टे) दाबून धरणारा तेलाचा दाब किती ठेवायचा, हे सगळं तिच्यावर अवलंबून असतं. ती चुकली की नुसतं गाडी चालवणं बेचव होत नाही, क्लच जळतात.

जीपच्या एडब्ल्यू४मध्ये गिअर बदलण्याचा निर्णय इलेक्ट्रॉनिक कंट्रोल घेतो, केबल फक्त लाइन प्रेशर सांभाळते. म्हणजे केबल चुकीची असूनही गिअर वेळेवर पडताना दिसतील आणि आत क्लच घसरत राहतील. इथे जास्त जपा.

टीएच३५०ची केबल मात्र खरोखरच किकडाउनपुरती असते. तिथे भार ओळखायचं काम व्हॅक्यूम मॉड्युलेटर, म्हणजे इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालणारा भाग, करतो. मोठा कॅम टाकल्यावर आयडलचा व्हॅक्यूम घटतो, मॉड्युलेटरला वाटतं इंजिनावर भार आहे, आणि गिअर उशिरा व धक्क्याने पडतात. केबल कितीही फिरवली तरी हे सुटणार नाही. त्यासाठी कमी व्हॅक्यूमवर चालणारा किंवा स्क्रूने लावता येणारा मॉड्युलेटर लागतो.

१९९३पासून आलेल्या ४एल६०ईसारख्या पूर्ण इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सला अशी केबल नसतेच. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

## इंजिन बदललं की केबल का चुकते

दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लागू होतात.

पहिलं कारण जोडणीचं. नव्या कार्ब्युरेटरच्या किंवा थ्रॉटल बॉडीच्या लिव्हरची त्रिज्या वेगळी, पिनेची जागा वेगळी, उघडण्याचा कोन वेगळा. मॅनिफोल्ड उंच असेल तर ब्रॅकेटची जागाही बदलते. केबल तीच असली तरी आता ती किती आणि कधी खेचली जाते हे बदललेलं असतं.

दुसरं कारण लक्षात यायला वेळ लागतो. केबलला इंजिनाचा टॉर्क कळत नाही, तिला फक्त थ्रॉटल किती उघडलं ते कळतं. मूळ इंजिन पाव थ्रॉटलला जेवढा टॉर्क द्यायचं, त्याहून बराच जास्त टॉर्क नवं इंजिन त्याच पाव थ्रॉटलला देतं. गिअरबॉक्स मात्र जुन्या हिशोबानेच दाब देतो. म्हणून वाढवलेल्या इंजिनाचा गिअरबॉक्स पूर्ण थ्रॉटलपेक्षा अर्धवट थ्रॉटलला, निवांत चालवताना जास्त जळतो. ७००आर४मधला तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच पॅक (क्लचच्या चकत्यांचा संच) असाच जातो. चालकाला वाटतं, आपण तर हळू चालवत होतो.

## १. तयारी: केबलला हात लावण्याआधी

ही कामं आधी पुरी करा. यातलं एक जरी नंतर केलंत, तरी केबल पुन्हा लावावी लागेल.

आयडल आणि ट्यूनिंग. मोठ्या कॅमसाठी आयडल वाढवताना स्क्रू लिव्हरला किंचित पुढे ढकलतो, म्हणजे केबलची सुरुवातीची जागाच सरकते. त्यामुळे टायमिंग, मिश्रण आणि आयडल आधी पक्के करा, इंजिन पूर्ण गरम असताना. चोक पूर्ण उघडलेला आणि फास्ट आयडलचा कॅम (थंड इंजिनाचा आयडल वाढवणारा कार्ब्युरेटरचा भाग) सुटलेला आहे ना, ते डोळ्यांनी पाहा.

तेल. पातळी गरम इंजिनावर, गाडी सपाट जागी उभी करून, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने बघा. बहुतेक गिअरबॉक्सांत इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये बघतात, क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलमध्ये. तेल कमी असेल तर गेजवरचे सगळे आकडे खोटे येतील. तेल काळं आणि जळक्या वासाचं असेल तर इथेच थांबा. जळालेला क्लच केबल लावून बरा होत नाही.

सामान. ० ते ३०० पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) प्रेशर गेज, लांब मजबूत होज, बहुतेक अमेरिकन गिअरबॉक्सांसाठी १/८ इंची पाइप आट्यांचं फिटिंग, मिलिमीटरची पट्टी किंवा व्हर्नियर, टॉर्च, रंगाचा मार्कर, लॉकनट असतील तर दोन पाने आणि पेडल दाबायला एक मदतनीस.

गेज आणायचा कंटाळा करू नका. हे काम गेजशिवाय नीट होत नाही, असं माझं ठाम मत आहे. गिअर 'छान' पडतोय आणि दाब कमी आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

> सावधान: हँडब्रेक ओढा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा. खाली जायचं असेल तर गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. पुढचे सगळे टप्पे, गेज लावून करायची कामं आणि रस्त्यावरची चाचणी सोडून, इंजिन बंद ठेवून करायचे आहेत.

जुना कार्ब्युरेटर अजून काढला नसेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. काढण्याआधी चार मापं घ्या: थ्रॉटल बंद, पाव, अर्धं आणि पूर्ण उघडं असताना केबलची आतली तार आवरणाबाहेर किती येते. कागदावर लिहून ठेवा. चौथ्या टप्प्यात याच चार आकड्यांवर काम निम्मं होतं.

## २. पेडल दाबल्यावर थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतं का

केबलची बरोबर जागा ठरते ती पूर्ण उघड्या थ्रॉटलवरून. पेडलने थ्रॉटल पूर्ण उघडतच नसेल तर पुढचं सगळं मोजमाप फसवं.

मदतनिसाला पेडल जमिनीपर्यंत दाबून धरायला सांगा. वर बॉनेटखाली लिव्हर हाताने आणखी पुढे जातो का पाहा. केसभर जरी गेला तरी आधी एक्सलरेटरची केबल लावा. जाड मॅट पेडलखाली अडकते, नव्या ब्रॅकेटमुळे एक्सलरेटर केबल कमी खेचली जाते, एअर क्लीनरचा तळ लिव्हरला अडतो. ही तीनच कारणं पुन्हा पुन्हा सापडतात. एअर क्लीनर बसवून एकदा आणि काढून एकदा बघा.

उलट बाजूही तपासा. पेडल सोडल्यावर लिव्हर आयडलच्या स्क्रूवर टक्कन येऊन बसला पाहिजे. कार्ब्युरेटरला रिटर्न स्प्रिंग दोन हव्यात. गिअरबॉक्सच्या केबलची स्वतःची ओढ असते, पण तिला रिटर्न स्प्रिंग समजू नका.

> तपासणी: गिअरबॉक्सची केबल पिनेवरून काढा आणि पुन्हा पेडल पूर्ण दाबून बघा. केबल काढल्यावर थ्रॉटल जास्त उघडत असेल, तर केबल आत्ता फार घट्ट आहे किंवा तिचा प्रवास अपुरा पडतोय. हे लिहून ठेवा.

## ३. केबलचा रस्ता आणि तिची तब्येत

टोक मोकळं असतानाच केबल हाताने सावकाश ओढा आणि सोडा. ओढ सगळीकडे सारखी, गुळगुळीत हवी. मध्येच अडखळली, खरखरली किंवा परत जाताना आळसावली तर केबल बदला. तेल सोडून वेळ मारून नेऊ नका.

ताकद वाढवताना हेडर (इंजिनाला लागून असलेले एक्झॉस्टचे पाइप) बसवले असतील तर केबल त्यांच्याजवळून जाते का बघा. उष्णतेने आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ होतं आणि तार चिकटते. गंमत अशी की थंड गाडीत सगळं ठीक असतं आणि गरम झाल्यावर केबल अडकते. वळणं मोठी ठेवा, केबल एक्झॉस्टपासून लांब बांधा, पण आवरण चेपेल इतकं घट्ट बांधू नका.

आवरण धरणारं ब्रॅकेट कडक हवं. केबल ओढताना ते वाकत असेल तर तेवढा प्रवास वाया जातो. पातळ पत्र्याचं घरगुती ब्रॅकेट इथे चालत नाही. ब्रॅकेट इंजिनावरच असावं, कारण गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला असतो आणि दोन्ही एकत्र हलतात. फायरवॉलला बांधलेली केबल इंजिनाच्या प्रत्येक झटक्याबरोबर ताणली जाते.

एओडी असेल तर थ्रॉटल लिव्हरवरचं छोटं बुश नीट बघा. मूळ बुश कालांतराने ठिसूळ होऊन गळून पडतं आणि केबल सुटते. ते पितळी किंवा ब्राँझचं टाका, केबल लावायच्या आधी.

## ४. लिव्हरची भूमिती: खरं काम इथे आहे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग पाचव्या टप्प्यात दिवस घालवतात. भूमिती चुकलेली असेल तर केबल कितीही फिरवा, एक टोक जुळवलं की दुसरं सुटतं.

दोन गोष्टी मोजायच्या आहेत.

पहिली, त्रिज्या. थ्रॉटलच्या शाफ्टच्या मध्यापासून केबलच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर. ७००आर४ आणि २००-४आरसाठी हे अंतर सुमारे १ १/८ इंच, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर लागतं. बाजारातल्या कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर भोकं बरीच असतात, पण ती एक्सलरेटरसाठी किंवा दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्ससाठी पाडलेली असू शकतात.

फरक किती पडतो ते बघा. लिव्हर ८० अंश फिरतो आणि केबल त्या फिरण्याच्या मधोमध लिव्हरशी काटकोनात येते, असं धरू. २८ मिलिमीटर त्रिज्येवर केबल ३६ मिलिमीटर खेचली जाते. पिन २२ मिलिमीटरवर असेल तर २८ मिलिमीटरच खेचली जाते, ८ मिलिमीटर कमी. आता पूर्ण थ्रॉटलला केबल बरोबर लावलीत, तर आयडललाच ती ८ मिलिमीटर ओढलेली राहील: आयडलला दाब चढलेला, गिअर उशिरा, धक्के. आयडलला बरोबर लावलीत, तर पूर्ण थ्रॉटलला पुरा दाब कधीच मिळणार नाही. लोक मग 'मधोमध' लावतात आणि दोन्हीकडे चुकतात.

पिन ३४ मिलिमीटरवर गेली तर उलटं होतं. पूर्ण थ्रॉटलला सगळं बरोबर, पण आयडलला जवळजवळ ८ मिलिमीटर झोल. पेडल दाबायला सुरुवात केली तरी तो झोल संपेपर्यंत गिअरबॉक्सला पत्ताच नसतो. हा प्रकार सगळ्यांत घातक, कारण गिअर मऊ मऊ पडतात आणि चालक खूश असतो.

दुसरी, सुरुवातीचा कोन. त्रिज्या बरोबर असूनही इथे फसायला होतं. आयडलला शाफ्ट, पिन आणि केबल जवळजवळ एका सरळ रेषेत असतील, तर लिव्हर फिरायला लागला तरी केबल फारशी खेचली जात नाही. पिन नुसती बाजूला सरकते. वरच्याच २८ मिलिमीटरच्या लिव्हरवर पहिल्या १० अंशांत चांगल्या कोनात केबल ४ मिलिमीटर खेचली जाते. त्याच लिव्हरची सुरुवात त्या सरळ रेषेपासून १० अंशांवर असेल, तर जेमतेम सव्वा मिलिमीटर. शहरात, चढावर, ओझं घेऊन आपण बहुतेक वेळ याच पहिल्या काही अंशांत असतो. क्लचला सगळ्यांत जास्त गरज असते तेव्हाच दाब येत नाही.

कोन सुधारण्यासाठी एकतर पिनेची जागा लिव्हरवर फिरवावी लागते, किंवा ब्रॅकेट वर-खाली करून केबलची दिशा बदलावी लागते. बऱ्याच कार्ब्युरेटरांसाठी तयार पट्टी आणि ब्रॅकेट मिळतात. त्या लावणं हाच शहाणपणा. स्वतः भोक पाडायचं असेल तर आधी पुठ्ठ्याचा लिव्हर कापून शाफ्टवर धरा आणि खुणा करून बघा.

> तपासणी: आता तेच चार आकडे घ्या: बंद, पाव, अर्धं, पूर्ण. जुन्या कार्ब्युरेटरच्या आकड्यांशी ताडून पाहा. एकूण प्रवास दोन-एक मिलिमीटरच्या आत जुळायला हवा, आणि पाव थ्रॉटलचा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. थोडा जास्त असेल तर वाढवलेल्या इंजिनाला तो फायद्याचाच.

हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ५. केबल लावणे

सरकणारा स्लायडर असलेली केबल (७००आर४, २००-४आर, एडब्ल्यू४चा क्रमही जवळपास हाच):

१. इंजिन बंद. केबल पिनेवर बसवा, क्लिप लावा.
२. आवरणाच्या टोकाजवळचं बटण किंवा टॅब दाबून धरा आणि स्लायडर थ्रॉटलपासून उलट दिशेला, मागे, अगदी टेकेपर्यंत ढकला.
३. बटण सोडा. स्लायडर आता हाताने सहज सरकत नाही ना, बघा.
४. थ्रॉटलचा लिव्हर हाताने पूर्ण उघडेपर्यंत, थांब्याला टेकेपर्यंत फिरवा. स्लायडर टकटक आवाज करत स्वतःची जागा घेतो.
५. सोडा. आता मदतनिसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा. स्लायडर आणखी टकटकला, तर लिव्हर तुम्ही हाताने पूर्ण उघडला नव्हता.

चौथ्या पायरीला टकटक ऐकूच आली नाही, तर एकतर दुसरी पायरी नीट झाली नाही, किंवा केबल इतकी सैल आहे की थ्रॉटल पूर्ण उघडूनही ती ताणली जात नाही. दुसरी शक्यता असेल तर चौथ्या टप्प्याकडे परत जा.

दोन लॉकनट असलेली केबल (टोयोटाची पद्धत): पेडल पूर्ण दाबून ठेवा. तारेवर एक छोटा धातूचा मणी चेपलेला असतो. आवरणाच्या रबरी टोपीचं टोक आणि हा मणी यांत ० ते १ मिलिमीटर अंतर राहील असे नट फिरवा, मग एकमेकांवर आवळा. आवळताना आवरण फिरतं आणि माप बदलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. नव्या केबलवर मणी सुटा येतो. तार हलकेच ओढून पहिला अडसर जाणवेपर्यंत आणा, तिथे धरा, आणि आवरणाच्या टोकापासून ०.८ ते १.५ मिलिमीटरवर मणी चेपा.

फोर्ड एओडी: याला डोळ्यांच्या अंदाजाने लावूच नका. इथे थ्रॉटल प्रेशरच्या वेगळ्या भोकाला गेज लावतात. इंजिन गरम, आयडलवर, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. केबलच्या टोकाशी ०.३९७ इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर जाडीचा ठरलेला ठोकळा घालून दाब ३५ पीएसआयच्या आसपास आणायचा. ३० ते ४० चालतो. ठोकळा काढल्यावर तो शून्याजवळ, ५च्या आत आला पाहिजे. ठोकळा असताना बरोबर आणि काढल्यावर वर राहत असेल, तर केबल अडखळते आहे किंवा लिव्हरची भूमिती चुकली आहे.

> सावधान: लावून झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पेडल दहा-बारा वेळा पूर्ण दाबून सोडा. लिव्हर प्रत्येक वेळी आयडलच्या स्क्रूवर परत आला पाहिजे. एकदा जरी अडकला तरी गाडी सुरू करू नका.

स्लायडर किंवा नट जिथे आले तिथे मार्करने रेघ मारा. पुढे काहीही बदललंत तर मूळ जागा सापडेल.

## ६. गेजने खात्री

७००आर४चं लाइन प्रेशरचं भोक डाव्या बाजूला, गिअर बदलण्याच्या लिव्हरच्या वर असतं. प्लग काढा, फिटिंग लावा, होज एक्झॉस्टपासून लांब बांधा आणि गेज समोर दिसेल असं ठेवा.

इंजिन गरम, पार्कमध्ये, सुमारे १,००० आरपीएम. बहुतेक ७००आर४मध्ये केबल आयडलच्या जागी असताना दाब ५५ ते ६५ पीएसआयच्या घरात असतो आणि केबल पूर्ण खेचल्यावर साधारण १३० ते १७० पर्यंत जातो. गिअरबॉक्सच्या कोडनुसार आकडे बदलतात, आत मोठा बूस्ट व्हॉल्व्ह (लाइन प्रेशर वाढवणारा व्हॉल्व्ह) बसवला असेल तर दोन्ही वर जातात. तुमच्या कोडचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

पूर्ण दाब बघताना इंजिन रेस करू नका. केबलचं टोक पिनेवरून काढा आणि तार हाताने खेचून धरा. टोक नुसतं सोडून दिलंत तर या गिअरबॉक्समध्ये दाब खाली जाण्याऐवजी चढलेला दिसू शकतो. केबल तुटली तर क्लच वाचावेत म्हणून आत तशी सोयच केलेली असते. त्यावरून भलता निष्कर्ष काढू नका.

आता महत्त्वाची चाचणी. केबल पिनेवर परत लावा. थ्रॉटल अगदी थोडंसं, केसभर उघडा आणि काट्याकडे बघा. लिव्हर हलायला लागताक्षणी काटा हलायला हवा. लिव्हर दोन-तीन मिलिमीटर सरकला आणि काटा ढिम्म असेल, तर झोल आहे. आयडलचे आणि पूर्ण थ्रॉटलचे आकडे मॅन्युअलशी कितीही जुळोत, ही चाचणी नापास असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. बटण दाबून स्लायडर एक-दोन टक मागे, म्हणजे केबल घट्ट होईल अशा दिशेला घ्या आणि पुन्हा बघा. वाढवलेल्या इंजिनाला केबल किंचित घट्ट बाजूला ठेवणं कधीही बरं. हद्द एकच: आयडलचा दाब चढता कामा नये आणि थ्रॉटल पूर्ण उघडलं पाहिजे.

> सावधान: दाबाच्या चाचण्या सगळ्या मिळून दोन मिनिटांत आटपा. गिअर टाकून तपासत असाल तर ब्रेक दाबलेलाच हवा आणि गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभं नको.

## ७. रस्त्यावर

गेज काढा, प्लग आवळा, गळती नाही ना बघा. मोकळ्या रस्त्यावर तीन प्रकारे चालवा.

हलक्या पायाने: गिअर वेळेवर, ठाम पडावेत. एकामागून एक झटपट आणि लोण्यासारखे मऊ पडत असतील तर खूश होऊ नका. केबल सैल असल्याचं ते लक्षण आहे.

मध्यम पायाने, हलक्या चढावर: गिअर बदलताना आरपीएम मध्येच उडी मारता कामा नये. उडी म्हणजे क्लच घसरला. लगेच पाय काढा आणि परत फिरा. उलट गिअर ताणून धरत असेल, चौथा-तिसरा-चौथा असा सारखा वरखाली करत असेल, तर केबल जास्त घट्ट आहे.

पूर्ण थ्रॉटल: हे शेवटी, एकदा-दोनदाच. इथे एक मोह होतो. कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो आणि गिअर त्याआधीच पडतो, मग लोक केबल आवळत सुटतात. पूर्ण थ्रॉटलला केबल आधीच पूर्ण खेचलेली असते. आणखी आवळून तिथे काही वाढत नाही, फक्त बाकी सगळीकडचं बिघडतं. पूर्ण थ्रॉटलला गिअर कधी पडावा हे गव्हर्नरची (गाडीचा वेग ओळखणाऱ्या गिअरबॉक्समधल्या भागाची) वजनं आणि स्प्रिंग ठरवतात. तो बदल तिथेच करा.

हाच नियम धक्क्यांना. दाब बरोबर आहे, काटा वेळेवर हलतो आहे, तरी गिअर कडक पडतो म्हणून केबल सैल करू नका. कडक गिअर सहन होतो, जळालेला क्लच पॅक सहन होत नाही. फारच टोचत असेल तर ॲक्युम्युलेटरचे (गिअर पडतानाचा धक्का शोषणाऱ्या भागाचे) स्प्रिंग बदलून धक्का कमी करता येतो, दाबाला हात न लावता.

## इतकं करूनही जमलं नाही तर

केबलचा प्रवास बरोबर, भूमिती बरोबर, तेल बरोबर, आणि गेजवर पूर्ण दाब तरीही येत नाही: मग दोष आत आहे. चोंदलेला फिल्टर, अडकलेला थ्रॉटल व्हॉल्व्ह किंवा प्रेशर रेग्युलेटर, झिजलेला पंप. पॅन काढा आणि तळाशी काय साचलंय ते बघा. बारीक करडा गाळ थोडा असतोच. क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे किंवा चमकणारा धातू दिसला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

केबल नवी असेल तर ती बसेपर्यंत थोडी सैलावते. काही शे किलोमीटर झाल्यावर मार्करची रेघ बघा, केसभर उघडून काट्याची चाचणी पुन्हा घ्या आणि तेलाचा वास बघा. त्यानंतर कार्ब्युरेटर, आयडल, मॅनिफोल्ड, ब्रॅकेट यांतलं काहीही हलवलंत की दुसऱ्या टप्प्यापासून परत सुरुवात करा.